‘डाउनविंड’ला मराठीत काय म्हणायचं? (मूसच्या शिकारीतला वारा)

एक शब्द अडलाय. मी कॅनडात, ऑन्टॅरिओच्या उत्तरेला राहतो, इथे सप्टेंबर संपता संपता मूस (इथली मोठी हरणं) माजावर येतात आणि यंदा शेजारच्या आजोबांबरोबर मी नुसता बघायला म्हणून शिकारीला गेलो होतो. ते बाबांना लिहून कळवायचं होतं. ‘वाऱ्याच्या दिशेने बसलो’ असं लिहिलं तर बाबांनी लगेच विचारलं, वारा येतो तिकडे की जातो तिकडे? खरंच की, दोन्ही अर्थ निघतात, आणि मला तर डाउनविंड, म्हणजे वारा जातो ती बाजू, म्हणायची होती! आणि इथे तर सगळं त्यावरच अवलंबून, कारण मूसची नजर अधू पण नाक आणि कान फार तिखट. एक जण बर्चच्या सालीच्या कर्ण्यातून मादीसारखा हंबरतो, पण नर बऱ्याचदा सरळ येतच नाही, लांबून वळसा घालून आवाजाच्या डाउनविंडला जातो, वास घेऊन खात्री करतो, मगच पुढे. म्हणून बंदूकवाला त्या वळशाच्या वाटेवर आधीच जाऊन बसतो. ही जागा मराठीत कशी सांगू?

—

आमच्याकडे सरळ ‘वाऱ्याच्या खालच्या अंगाला’ म्हणतात. ओढ्याचं वरचं अंग, खालचं अंग असतं ना, तसंच. खळ्यावर उपणताना भूस खालच्या अंगाला उडतं, तिथे कोणी उभं राहत नाही. तुमचा बंदूकवाला कर्णेवाल्याच्या खालच्या अंगाला बसला, झालं. आणि चालत माग काढायचा असेल तर ‘वारा तोंडावर ठेवून’ म्हणा. वारा पाठीवर घेतला की आपण पोचायच्या आधी आपला वास पोचतो.

आणखी एक, मूसचं सांबर करू नका, वेगळा प्राणी आहे तो. पण मराठीत मूस म्हणजे सोनाराचं धातू वितळवायचं भांडं, तेव्हा पहिल्यांदा ‘मूस हरीण’ लिहा.

—

संस्कृतात जोडी तयार आहे, अनुवात आणि प्रतिवात. मनुस्मृतीच्या २ऱ्या अध्यायात शिष्याला सांगितलंय की गुरूबरोबर प्रतिवातात बसू नये आणि अनुवातातही नाही. तिथे गुरूकडून शिष्याकडे येणारा वारा तो प्रतिवात, उलटा तो अनुवात असा अर्थ लावतात. म्हणजे शिकाऱ्याला प्रतिवात हवा. पण बाबांच्या पत्रात मीसुद्धा ‘खालचं अंग’च लिहीन, वाचल्याबरोबर चित्र उभं राहतं.

—

दोघांचेही मनापासून आभार, ‘खालचं अंग’ पक्कं. मात्र हे अंग दिवसभर एकच राहत नाही, ते पण लिहितोय. पहाटे गार हवा उतारावरून खाली घसरत होती, ऊन चढलं तशी वर वाहायला लागली, शाळेत पर्वतीय वारे आणि दरीय वारे शिकलो होतो तेच हे. आजोबा दर थोड्या वेळाने खिशातून मिल्कवीडचा कापूस काढून सोडायचे, आपल्या रुईच्याच कुळातलं झाड, अगदी रुईची म्हातारी. नवाच्या सुमारास ती म्हातारी हातभर खाली गेली, थांबली, आणि वळून आमच्या डोक्यावरून वर टेकडीकडे गेली. आजोबा काही न बोलता उठले. खालचं अंग आता वरच्या बाजूला गेलं होतं. (बाबांना हे वाक्य असंच पाठवतोय, समजेल ना?)