मदत हवी आहे: नोंदींमधल्या आपसातल्या लिंक वेबपानावर तुटतात

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेवर मी मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायची पद्धत, फाईलच्या नावाशेवटी ‘.एमडी’) नोंदी ठेवतोय. नंदीध्वज, अक्षता सोहळा, ६८ लिंगं, प्रत्येकाची वेगळी फाईल. पॅनडॉकने (एका स्वरूपातली फाईल दुसऱ्या स्वरूपात नेणारं साधन) त्यांची एचटीएमएल पानं, म्हणजे वेबपानं करतो, पण ते लिंकमधलं फाईलचं नाव जसंच्या तसं ठेवतं. म्हणजे ‘../लिंगे/यादी.एमडी’ पानावरही ‘.एमडी’च राहतं, ‘.एचटीएमएल’ होत नाही आणि क्लिक केलं की नवं पान उघडतच नाही. सरसकट शोधून बदललं तर बाहेरच्या साइटवरच्या ‘.एमडी’ लिंकही बिघडतील, ते अजिबात नको. लुआ फिल्टरने (रूपांतर होताना पॅनडॉक चालवतं ती लुआ भाषेतली छोटी स्क्रिप्ट) फक्त सापेक्ष लिंक, म्हणजे माझ्याच फाईलींमधल्या आपसातल्या लिंक, कशा बदलायच्या? ‘अक्षता.एमडी#संमती-कट्टा’ यातला ‘#’पासूनचा, पानातल्या नेमक्या जागी नेणारा भाग शाबूत राहायलाच हवा. कुणाकडे चालता फिल्टर असेल तर कृपया इथे टाका. जानेवारीत गड्डा (यात्रेची जत्रा) भरायच्या आत ही पानं घरच्या थोरांना मोबाईलवर द्यायची आहेत.