आवडता रॉक गिटारिस्ट: माझं मत टोनी आयोमी. पटत नसेल तर भांडा

वागळे_इस्टेटवाला
आवडता रॉक गिटारिस्ट कोण असं विचारलं की आपल्याकडे बहुतेक जण डोळे मिटून पिंक फ्लॉइडचा गिलमोर म्हणतात. उरलेले हेन्ड्रिक्स. माझं मत ब्लॅक सबाथ बँडच्या टोनी आयोमीला.

बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात काम करताना सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं मशीनखाली गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. आमच्या वागळे इस्टेटच्या प्रेस शॉपमध्ये ज्यांनी दिवस काढलेत त्यांना यापुढचं सांगायला नको. पठ्ठ्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. टोपणातून तार नीट जाणवत नाही म्हणून पातळ तारा लावल्या. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त तर काही गाण्यांना गिटार दीड स्वर खाली उतरवली, तारा आणखी सैल. त्यातून जो जड, घोगरा आवाज निघाला त्यावर पुढचं अख्खं हेवी मेटल उभं आहे.

माझी कसोटी एवढीच: हा माणूस नसता तर गिटार आज वेगळी वाजली असती का? गिलमोर नसता तर काही सुंदर सोलो (गाण्यात गिटार एकटी पुढे येते ते तुकडे) नसते. आयोमी नसता तर एक संगीतप्रकारच नसता.

नेरूळ_पूर्व
कडाडून असहमत. विचारलंय आवडता कोण, आणि तुम्ही सांगताय महत्त्वाचा कोण. वाफेचं इंजिनही महत्त्वाचं होतं, म्हणून मी ते रात्री हेडफोन लावून ऐकत नाही.

'कम्फर्टेबली नम' गाण्यातली गिलमोरची शेवटची सोलो घ्या. तार ओढत एका सुरावरून दुसऱ्यावर जातो ती सरळसरळ मींड आहे. घरात शास्त्रीय गाणं ऐकत वाढलेल्या माणसाला गिलमोर पहिल्यांदा ऐकतानाच ओळखीचा वाटतो, तो यामुळे. घाई नाही, दाखवेगिरी नाही. सूर लावला की त्याच्यावर थांबायची हिंमत आहे.

वागळे_इस्टेटवाला
मींड मान्य. पण ती सोलो एका दमात वाजवलेली नाही. पाच-सहा वेळा वाजवून त्यातले बरे तुकडे निवडून जोडले, हे खुद्द गिलमोरनं सांगितलंय. शास्त्रीयचा दाखला देताय म्हणून विचारतो, मैफलीत हे चालेल का?

नेरूळ_पूर्व
नाही चालणार, पण रेकॉर्ड म्हणजे मैफल नव्हे. कोणता तुकडा ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे कळायलाही कान लागतो. आणि मैफलच हवी असेल तर पिंक फ्लॉइडच्या १९९४ च्या दौऱ्यातलं 'पल्स' ऐका. तिथं तीच सोलो लांबवून वाजवलीय आणि एक सूर फुकट गेलेला नाही.

कळवा_कारशेड
एडी व्हॅन हेलन, 'इरप्शन', १९७८. दोन्ही हातांची बोटं गिटारच्या दांड्यावर (फ्रेटबोर्डवर). पावणेदोन मिनिटांत विषय संपतो.

नेरूळ_पूर्व
विषय तिथंच सुरू झाला हो. पुढची दहा वर्षं गिटार हातात घेतलेलं प्रत्येक पोरगं तेच करत बसलं, आणि ते ऐकायची शिक्षा शेजारच्यांना.

पाम_बीच_रोड
डिसेंबर २०१९ मध्ये यू-टू बँड आपल्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर वाजवून गेला आणि त्यांच्या गिटारिस्टचं, 'द एज'चं नाव अजून कोणी घेतलं नाही? मोजकेच सूर वाजवतो आणि डिलेमुळे (सुराचा प्रतिध्वनी काढणाऱ्या उपकरणामुळे) ते अख्खं मैदान भरून टाकतात. बोटं पळवणारे पाहिले की मला सर्कस आठवते, हा माणूस जागा सोडतो.

कळवा_कारशेड
त्याचं डिले पेडल काढून घ्या, मग बोलू.

पाम_बीच_रोड
आयोमीची टोपणं काढून घ्या, मग बोलू.

नेरूळ_पूर्व
आमच्या बाजूचे नसलात तरी या प्रतिसादाला +१ :)

चरईची_लेक
एवढे प्रतिसाद झाले, एक बाई नाही. सिस्टर रोझेटा थार्पचं नाव कोणी ऐकलंय का? १९३८ पासून रेकॉर्ड करत होती, पुढे इलेक्ट्रिक गिटार घेऊन. १९६४ मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनावर, पावसात, अंगात कोट आणि गळ्यात गिटार घालून तिनं जे वाजवलं त्याचं चित्रीकरण आजही बघायला मिळतं. फलाटावर ती, समोरच्या फलाटावर तोंड उघडं टाकून बसलेली इंग्लिश पोरं. ती गेली १९७३ मध्ये, आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला तिची आठवण झाली २०१८ मध्ये!

धागाकर्त्यांची कसोटी 'हा माणूस नसता तर' अशी आहे ना? मग त्याच मापानं थार्प आयोमीच्या वर बसते.

वागळे_इस्टेटवाला
थार्पबाईंना दंडवत. पण त्या गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चच्या भक्तिगीतांच्या. धागा रॉकचा आहे.

चरईची_लेक
गात होती गॉस्पेल. हात काय वाजवतायत ते बघा.

राबोडी_रिदम
सगळे सोलोवर भांडताय. मी बँडमध्ये रिदम (गाण्याचा ठेका धरणारी गिटार) वाजवतो, त्यामुळे माझं मत एसी/डीसी बँडच्या माल्कम यंगला, आणि ते बदलणार नाही. लोक शाळेचा गणवेश घालून उड्या मारणाऱ्या अँगसकडे बघतात. थोरला भाऊ मागे ड्रमशेजारी उभा राहून गाडा ओढत असतो. 'बॅक इन ब्लॅक'ची रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची ओळ) उचला. त्यात सुरांइतक्याच मधल्या मोकळ्या जागा मोलाच्या आहेत, आणि दर वेळी त्या तेवढ्याच मापाच्या पडतात. मेट्रोनोम लावून दोन मिनिटं वाजवून बघा, मग एडीबद्दल बोलू.

२०१७ मध्ये माल्कम गेला तेव्हा आमच्या ग्रूपवर एकानं विचारलं होतं, हा कोण?

कळवा_कारशेड
तो मीच. आणि अजूनही माझं उत्तर एडीच.