थोरला आयव्हीएफचा, धाकटी आपसूक: पुढे तब्येतीत फरक पडतो का?

मिरजेची_वहिनी
थोरला इक्सी (आयव्हीएफमध्ये एकच शुक्रजंतू सुईनं स्त्रीबीजात सोडतात ते) करून झाला, ह्यांचा शुक्रजंतूंचा काउंट कमी होता म्हणून. गोठवून ठेवलेला गर्भ पिशवीत सोडला होता. शेवटी माझं बीपी वाढलं आणि सिझर करावं लागलं. आता तो दुसरीत आहे. धाकटीच्या वेळी ध्यानीमनी नसताना दिवस राहिले.

पाऊस सुरू झाला की थोरल्याची छाती घरघरते, दम्याचा पंप आणि स्पेसर टीव्हीशेजारीच ठेवलेला असतो. धाकटी चिखलात लोळून आली तरी शिंकत नाही. परवा तो खोकत होता तर सासूबाई शेजारच्या काकूंना म्हणाल्या, "नळीतलं पोर, नाजूकच असायचं." त्यानं ऐकलं. रात्री विचारतो, "आई, नळीतलं म्हणजे काय गं?"

हे म्हणतात लक्ष देऊ नकोस. पण अशा मुलांना मोठेपणी काही होतं का? त्याला स्वतःला मुलं होतील ना?

जुळ्यांचा_बाबा
आमच्या दोघी आयव्हीएफच्या, चौतिसाव्या आठवड्यात झाल्या, पेटीत ठेवावं लागलं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले, हा त्रास जुळ्यांचा आणि लवकर जन्माचा. म्हणून आता बरेच जण एकच गर्भ सोडा म्हणतात. पोरी सध्या शाळेच्या कबड्डी संघात आहेत.

मुलाला सांगून टाका. आम्ही क्लिनिकनं दिलेला गर्भाचा फोटोच दाखवला. आता 'हा ठिपका माझा' म्हणून भांडतात.

रिटायर्ड_सिस्टर
वहिनी, माझी सगळी नोकरी नवजात बाळांच्या आयसीयूत झाली, म्हणून स्पष्टच लिहिते.

मोठी झालेली मुलं म्हणाल, तर मुंबईच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ ला जन्मलेली हर्षा चावडा घ्या, डॉ. इंदिरा हिंदुजांनी केलेल्या आयव्हीएफची. २०१६ मध्ये तिला मुलगा झाला, ते बाळंतपणही हिंदुजा मॅडमनीच केलं. जगातलं पहिलं आयव्हीएफचं बाळ, इंग्लंडची लुईझ ब्राउन, १९७८ ची. तिला आणि तिच्या बहिणीला (तीही आयव्हीएफचीच) उपचाराशिवाय मुलं झाली.

दम्याचं खोटं सांगत नाही. काही अभ्यासांत अशा मुलांत तो किंचित जास्त दिसलाय. पण स्वीडनमधल्या नोंदींत आईबापांना किती वर्षं मूल होत नव्हतं ते हिशेबात धरलं, तर फरक उरला नाही. तुमच्या घरात दमा कुणाला आहे? सासूबाईंनाच विचारा की!

इक्सीचं मात्र एक बघा. काउंट फारच कमी असेल तर वाय गुणसूत्राचा तुकडा गळालाय का, हे तपासतात. गळालेला असला तर तो मुलाकडे जातोच, कारण वाय बापाकडूनच येतो. ब्रसेल्सला इक्सीची मुलं तरुण झाल्यावर तपासली, तर त्यांचे काउंट सरासरी कमी निघाले. म्हणून मूल होणारच नाही असं नाही. पण ती विशीत बघायची गोष्ट, दुसरीतल्या पोराला त्याचं काय!

आता तुमचं. सगळे पोराकडे बघतात, आईकडे कोण बघतं? गोठवलेला गर्भ सोडल्यावर गरोदरपणात बीपी वाढण्याचं प्रमाण जास्त असतं. आणि जिचं तेव्हा वाढलं, तिला पुढेही बीपी आणि हृदयविकाराचा धोका जास्त. शेवटचं कधी मोजलंत?

मिरजेची_वहिनी
सिस्टर, दमा सासऱ्यांना होता! सासूबाई एकदम गप्प झाल्या.

माळ्यावरून फाइल काढली. वायची तपासणी केलेली आहे, रिपोर्ट नॉर्मल. बीपी धाकटीच्या बाळंतपणानंतर मोजलंच नव्हतं. आज मेडिकलवाल्याकडे मोजलं, १४८/९६ आलं. जिना चढून गेले होते म्हणून असेल का?

रिटायर्ड_सिस्टर
असेलही. पण जिन्यावर ढकलू नका. मशीन आणा, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा. आधी पाच मिनिटं टेकून बसायचं, चहा नंतर. आकडे वहीत लिहा आणि ती वही फिजिशियनला दाखवा. थोरल्याच्या वेळी बीपी वाढलं होतं, हे त्यांना आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.