गावच्या वाचनालयात आपल्याच भागातले लेखक बोलवायचेत, लोक मनापासून ऐकतील असं काय करू?

दाभोळखाडी:
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या गावात आमचं छोटं वाचनालय आहे, सरकारी वर्गवारीत शेवटच्या ड वर्गाचं, मी कमिटीवर आहे. पंचक्रोशीतल्या चार जणांची पुस्तकं गेल्या दोन-तीन वर्षांत आली. एक रिटायर मास्तर, त्यांनी गावच्या शिमग्याच्या सगळ्या रूढी, पालखीचे मान, कुठल्या वाडीचं काय काम ते लिहून काढलंय. एक ताई कविता करतात. एक काका एसटीत कंडक्टर होते त्यांनी आठवणी लिहिल्यात आणि चौथा पोरगा मच्छीमाराच्या घरातला, त्याच्या कथा आहेत. सगळ्यांनी पदरचे पैसे घालून छापलंय आणि गठ्ठे घरात माळ्यावर पडलेत.

गेल्या वर्षी मास्तरांच्या पुस्तकाचं प्रकाशन केलं होतं. सकाळी अकराला ठेवलं, सुरू झालं पावणेबाराला. स्टेजवर नऊ खुर्च्या, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रत्येकाला शाल-श्रीफळ, प्रत्येकाचं भाषण, आणि मास्तरांना बोलायला मिळालं दीड वाजता. तोपर्यंत बायामाणसं जेवणं वाढायला घरी गेलेली. मास्तर पाचेक मिनिटं आभार मानून बसले, पुस्तक उघडलंसुद्धा नाही. तीन प्रती खपल्या. मला ते फार लागलंय, कारण कार्यक्रम मीच ठरवला होता. यावेळी चौघांनाही बोलवायचंय पण तसं व्हायला नको. वेळ कुठली, जागा कुठली, कोणी असं केलं असेल तर सविस्तर सांगा.

लायब्ररीवाली:
दादा, मी रत्नागिरी तालुक्यात ग्रंथपाल आहे, हे सगळं आमच्याकडेही झालंय म्हणून लांबलचक लिहिते. पहिली गोष्ट म्हणजे चौघांना एका दिवशी बोलवू नका. एका महिन्यात एक लेखक. चौघं एकत्र आले की प्रत्येकाला दहा मिनिटं मिळतात आणि पुन्हा सत्कार समारंभच होतो.

दुसरं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कार्यक्रमाच्या महिनाभर आधी त्या पुस्तकाच्या चार-पाच प्रती वाचनालयाने विकत घ्या आणि फिरवा. बचत गटात एक द्या, शाळेत एक, जो माणूस रोज पेपर वाचायला येतो त्याच्या हातात एक. आम्ही असं केलं तेव्हा कार्यक्रमाला माणसं पस्तीसच होती पण त्यातल्या बारा-तेरा जणांनी पुस्तक वाचलेलं होतं आणि त्यांनी जे प्रश्न विचारले त्याने लेखकाच्या डोळ्यात पाणी आलं. न वाचलेल्या माणसाकडे विचारायला काय असणार, तो टाळ्या वाजवणार आणि चहा पिऊन जाणार.

स्टेज नको, सतरंजी टाका, लेखकाला एक खुर्ची, शेजारी त्याच्याशी बोलणारा एक, ज्याने पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचलंय असाच. सत्कार दोन मिनिटांत सुरुवातीलाच उरका. मग लेखकाने स्वतःचं वाचायचं, वीस मिनिटं, त्याहून जास्त नको, मग अर्धा-पाऊण तास गप्पा. वेळ चारची ठेवा, दुपारची कामं आटोपलेली असतात आणि लांबच्या वाड्यांतल्या लोकांना शेवटची गाडी मिळते. आमचा एक कार्यक्रम सहाला ठेवला होता तर अर्धी माणसं गाडी चुकेल म्हणून मधूनच उठली, लेखक वाचत होता आणि लोक चपला शोधत होते.

मुलाखत घेणारं कोणी नसेल तर कोकण मराठी साहित्य परिषदेच्या तुमच्या तालुक्यातल्या लोकांना विचारा. १९९१ पासून त्यांचं काम आहे, मालगुंडचं केशवसुतांचं स्मारक त्यांनीच उभं केलं.

खळ्यातलो:
वरच्या ताईंचं सगळं पटलं, फक्त सतरंजी हॉलमध्ये टाकू नका, कोणाच्यातरी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात टाका. आमच्याकडे मालवणच्या बाजूला आम्ही तसंच करतो. वाचनालयात यायला म्हाताऱ्या बायकांना संकोच वाटतो, खळ्यात त्या आपोआप येऊन बसतात, येताना शेजारणीलाही आणतात.

आणि बोलीतच बोलू द्या. माझं स्वतःचं पुस्तक प्रमाण मराठीत आहे पण मी वाचताना मधेमधे मालवणीत सांगतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा एक आजी म्हणाली, "अरे ह्यां तर आमच्याच घरातलां सांगतस!" आणि मग तिने मला माझी चूक दाखवली. एका व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं नाव मी चुकीचं लिहिलं होतं, जुनं नाव वेगळं होतं, आणि ते का पडलं ती गजाल, म्हणजे गोष्ट तिने सांगितली. पुढच्या आवृत्तीत मी ते दुरुस्त केलं. एवढ्यासाठी तरी लेखकाने लोकांसमोर बसावं असं मला मनापासून वाटतं.

लोकांना ऐकायची सवय नाही असं जे म्हणतात ते मला अजिबात मान्य नाही. रात्रभर दशावतार बघणारी माणसं आहेत ही. त्यांना भाषण नकोय, गोष्ट हवी.

चाकरमानी७७:
मी मुंबईत असतो, गाव राजापूरकडे. मे महिन्यात किंवा गणपतीत ठेवा ना, तेव्हा गाव भरलेलं असतं आणि खरं सांगायचं तर पुस्तक विकत घेणारा मुंबईकरच जास्त. मागच्या मे मध्ये मी आमच्या गावातल्या एकांचं पुस्तक सहा प्रती घेतलं, भावंडांना द्यायला.

लायब्ररीवाली:
@चाकरमानी७७ विक्रीसाठी तुमचं बरोबर आहे पण गणपतीत माणसं मोकळी कुठे असतात हो, आरत्या, भजनं, पाहुणे. गौरी गेल्यानंतरचा एखादा दिवस मिळाला तर मिळाला. मे मध्ये आंब्याची कामं. आणि मला वाटतं गावात बारा महिने राहणाऱ्यांसाठी आधी करा, मुंबईकरांसाठी मे मध्ये परत एकदा करा. दाभोळखाडी, त्या कथा लिहिणाऱ्या मुलाचा कार्यक्रम जून-जुलैमध्ये घ्या, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची समुद्रातली मासेमारी बंद असते, त्याच्या घरचे आणि वाडीतले घरी असतील. शेतीवाल्या वाड्या तेव्हा लावणीत असतात पण त्याचं पहिलं ऐकणारं माणूस त्याच्या वाडीतलंच असलं पाहिजे.

वाशिष्ठी:
मी चिपळूणची. एक वेगळीच गोष्ट सांगते. आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, १८६४ पासूनचं आहे ते, २२ जुलै २०२१ च्या पुरात पाणी शिरलं. मोठ्या प्रकाशकाचं पुस्तक भिजलं तर पुन्हा विकत घेता येतं. पण गावातल्या माणसाने तीनशे प्रती छापलेलं पुस्तक भिजलं तर ते कुठून आणणार? माझ्या आजोबांनी आमच्या वाडीबद्दल लिहिलेली छोटी पुस्तिका होती, घरातली प्रत त्याच पुरात गेली आणि आता कोणाकडेच मिळत नाही. मी सात-आठ घरी विचारून बघितलं.

म्हणून विनंती, लेखक आला की त्याच्याकडून तीन प्रती जास्तीच्या घ्या, पैसे देऊन घ्या, एक वाचायला आणि एक न फिरवता वरच्या कपाटात. एक तालुक्याच्या दुसऱ्या गावातल्या वाचनालयाला द्या. आणि वाचतानाचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. माझ्या आजोबांचा आवाज माझ्याकडे नाही.

खळ्यातलो:
वाशिष्ठी ताई, वाचून गलबललो. माझ्या पुस्तकाच्या दोन प्रती आमच्या वाचनालयात उद्याच देतो.

विक्रीचं राहिलं. प्रती फुकट वाटू नका, लेखकही भिडेखातर वाटतो आणि मग ते पुस्तक कोणी उघडत नाही. दाराजवळ टेबल, सुटे पैसे आधीच आणून ठेवा, आमच्याकडे रेंज नसते त्यामुळे मोबाईलवर पैसे जात नाहीत आणि दोनशेचं पुस्तक घेणारा माणूस पाचशेची नोट परत खिशात घालून जातो.

दाभोळखाडी:
सगळ्यांचे खूप आभार, दोनदा वाचून काढलं. काल कमिटीत बोललो. सुरुवात मास्तरांपासूनच करायची, कारण त्यांचं राहून गेलंय, शिमग्याच्या आधीच्या महिन्यात, शनिवारी चार वाजता, त्यांच्याच वाडीत खोतांच्या जुन्या अंगणात. पाच प्रती वाचनालय घेतंय, दोन पालखीच्या मानकऱ्यांकडे आधी वाचायला देणार, त्यांचं काही वेगळं म्हणणं असेल तर तेही तिथेच बोलू दे. दोन प्रती कपाटात. रेकॉर्डिंग माझा मुलगा करेल.

आज संध्याकाळी मास्तरांना घरी जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत, आत गेले, पुस्तक घेऊन आले आणि कुठली पानं वाचायची तिथे कागदाचे कपटे घालत बसले. मी निघालो तेव्हा अकरा कपटे झाले होते, वीस मिनिटांत मावणार नाही हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.