मुलं आणि मोठे, दोघांनाही मजा येईल अशी पार्टी: मदत हवी आहे

घरी पार्टी ठरवतेय. वीस-पंचवीस जण होतील. त्यात अडीच-तीन वर्षांची दोन पिल्लं, सहा ते नऊ वयाची पाच-सहा मुलं, तेरा-चौदाची तिघं, बाकी आई-बाबा मंडळी आणि काही आजी-आजोबा.

अशा पार्ट्यांत बहुतेक वेळा दोन तट पडतात. एकतर मुलांचे खेळ चालू असतात आणि मोठे भिंतीला लागून खुर्च्यांवर मोबाइल बघत बसतात, नाहीतर मोठ्यांच्या गप्पा रंगतात आणि मुलं आतल्या खोलीत टीव्हीसमोर. मला निदान तासभर तरी सगळे एका खेळात हवे आहेत. पूर्ण वेळ नको, मोठ्यांनाही निवांत बोलायचं असतंच.

संगीत खुर्ची नको. पहिल्यांदा बाद होतं ते नेमकं सगळ्यात लहान मूल, आणि पुढचा सगळा वेळ त्याची समजूत काढण्यात जातो. जेंगाचा विचार केला होता, पण 54 ठोकळ्यांच्या एका मनोऱ्याभोवती एवढ्या लोकांनी ताटकळत उभं राहायचं म्हणजे कंटाळाच. उनो हा पत्त्यांचा खेळही जास्तीत जास्त 10 जणांचा आणि सात वर्षांपुढच्यांचा.

म्हणून ट्रेझर हंटवर, म्हणजे लपवलेल्या चिठ्ठ्यांवरच्या खुणांवरून खजिना शोधायच्या खेळावर, येऊन थांबलेय. प्रत्येक गटात एक छोटं मूल, एखाददुसरं मोठं मूल आणि दोन मोठी माणसं. एका चिठ्ठीवर नुसतं चपलांच्या रॅकचं चित्र, दुसरीवर कोडं, तिसरीवर उलट्या क्रमाने लिहिलेली अक्षरं. डोकं सगळ्यांनी लढवायचं, पण चिठ्ठी हुडकायची मुलांनीच. आजी-आजोबांना पळापळ नको, तर ते पहारेकरी: स्वतःच्या लहानपणाबद्दल ते एक प्रश्न विचारणार, गटाने अंदाज बांधायचा, आणि उत्तर काहीही आलं तरी खरी गोष्ट ऐकूनच पुढची चिठ्ठी मिळणार. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडलाय.

सजावटीला फुगे नाहीत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलांच्या घशात अडकू शकतो, त्यामुळे कागदी पताका.

आता अडलंय ते इथे. खेळ आधी ठेवू की खाणं? भुकेली मुलं किरकिर करतात हे खरं, पण मुलांना आधी वाढलं की पंगती वेगळ्या होतात आणि पुन्हा तेच दोन तट. तेरा-चौदाच्या मुलांना हे सगळं बाळबोध वाटेल का? चिठ्ठ्या लिहून लपवायचं काम त्यांच्याकडेच सोपवलं तर? आणि ज्या मोठ्यांना खेळायचा मनापासून संकोच वाटतो, त्यांना आग्रह न करता सामील कसं करून घ्यायचं?

असा मिश्र वयाचा खेळ कोणी घेतला असेल तर गट किती जणांचे ठेवलेत आणि छोटी मुलं किती वेळ टिकली, तेही लिहा प्लीज.