काल्पनिक राष्ट्राध्यक्षावरील गंभीर चित्रपट सुचवावा : मदत हवी आहे

कोथरूडमधील आमच्या वाचनगटात खऱ्या आणि काल्पनिक अमेरिकी राष्ट्राध्यक्षांवरील एकेक चित्रपट दाखवून चर्चा करायची आहे. पहिला, स्पीलबर्ग यांचा ‘लिंकन’ (२०१२), ठरला आहे. गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीसाठी मते जमवण्याची धडपड त्यात ज्या बारकाईने येते, तिला माझ्या मते तोड नाही. दुसऱ्यासाठी क्यूब्रिक यांचा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) आणि ‘एअर फोर्स वन’ (१९९७) पाहिले. पहिल्यातील उपहास लिंकनशेजारी विसंगत वाटतो, तर दुसऱ्यात निर्णयापेक्षा हाणामारीच अधिक आहे. ‘लिंकन’ अडीच तासांचा असल्याने दुसरा दोन तासांच्या आतील हवा, इंग्रजी उपशीर्षके आवश्यक आहेत, मालिका चालणार नाही. काल्पनिक राष्ट्राध्यक्षाचा नैतिक पेच गांभीर्याने मांडणारा असा कोणता चित्रपट आपण सुचवाल?