बाल्कनीतल्या डाळिंबाची सगळी फुलं गळतायत, मुंबईत फळ धरतं का कोणाचं?

गोरेगाव_चौथा_मजला

नमस्कार मंडळी, डाळिंबाबद्दल विचारायचं होतं. आमची पश्चिमेची बाल्कनी आहे, दुपारी एक-दीडपासून संध्याकाळपर्यंत कडक ऊन येतं. तीन वर्षांपूर्वी नर्सरीतून भगवा जातीचं म्हणून कलम आणलं, तेव्हापासून ते १२ इंची कुंडीतच आहे. झाड चांगलं माझ्या खांद्याएवढं झालंय, पानं हिरवीगार, दर पंधरा दिवसांनी शेणखत घालतो. फुलं पण भरपूर येतात, मे-जूनमध्ये तर झाड लालभडक होतं, पण चार-पाच दिवसांत सगळी खाली. सकाळी झाडू मारताना सुपली भरते. गेल्या वर्षी कशीबशी दोन फळं धरली, त्यातल्या एकावर जुलैत काळे डाग पडून ते सडलं आणि दुसरं लिंबापेक्षा थोडं मोठं झाल्यावर उभं तडकलं.

विचारायचं कारण सांगतो. आईचं माहेर आटपाडीकडचं, लहानपण सगळं डाळिंबाच्या बागेत गेलंय. आता गुडघ्यांमुळे गावाला जाणं होत नाही. ती रोज सकाळी चहा घेऊन त्या झाडापाशी बसते आणि पडलेली फुलं वेचून देवाला वाहते. तिला तिच्या झाडाचं एक तरी पिकलेलं फळ हातात द्यायचंय मला. मुंबईच्या हवेत हे होणारच नसेल तर तसंही सांगा, पण होत असेल तर माझं काय चुकतंय ते सांगा प्लीज.

मुलुंडची_बाग

दादा, आधी फूल नीट बघा. पाकळ्या पाच-सात आहेत की खूप आहेत, झेंडूसारख्या गच्च? कारण नर्सरीत शोभेचं डाळिंब पण मिळतं, त्याला डबल पाकळीची फुलं येतात आणि फळ जवळजवळ धरतच नाही. माझ्या जावेने तेच आणलं होतं, चार वर्षं वाट बघत बसली बिचारी. गेल्या वर्षी दोन फळं धरली म्हणताय म्हणजे तुमचं ते नसणार बहुतेक, तरी एकदा खात्री करा. आणि कुंडी खूपच लहान आहे हो. डाळिंबाला निदान १८-२० इंची हवी, मी तर रंगाचा जुना ड्रम अर्धा कापून तळाला भोकं पाडून लावलंय.

सांगोलेकर

राम राम. घरी सांगोल्याजवळ डाळिंबाची बाग आहे, भाऊ बघतो, मी नोकरीमुळे भांडुपला असतो. इथे गॅलरीत दोन झाडं आहेत, त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

पहिली गोष्ट, फुलं गळतात म्हणून घाबरू नका. डाळिंबाला दोन प्रकारची कळी येते. नर कळी खालून निमुळती असते, घंटेसारखी, आणि आतला मधला दांडा आखूड. मादी कळी (खरं तर तिच्यात नर-मादी दोन्ही असतात, पण आमच्याकडे मादीच म्हणतात) खालून फुगीर असते, छोट्या मडक्यासारखी, आणि मधला दांडा वर पुंकेसरांच्या बरोबरीला आलेला दिसतो. फळ फक्त मादी कळीला धरतं, नर कळी गळणारच, कितीही औषधं मारा. उद्या सकाळी खाली पडलेली फुलं उचलून त्यांचे देठाकडचे भाग बघा. सगळी निमुळती असतील तर तुमच्या झाडाला मादी कळीच निघत नाहीये, आणि त्याचं कारण बहुतेक वेळा झाडाची ताकद कमी असणं, मुळं कोंडणं, ऊन कमी पडणं असं असतं. फुगीर फुलं पण पडत असतील तर मग परागीभवन होत नाहीये किंवा पाण्याचा ताळमेळ चुकतोय. चौथ्या मजल्यावर मधमाशा कमीच येतात, तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास एका मऊ ब्रशने नर फुलातली पिवळी पावडर घ्यायची आणि मादी फुलाच्या दांड्याच्या टोकाला लावायची, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं, आणि माझ्या मते तुमची खरी अडचण हीच आहे, तुम्ही झाडाला वर्षभर पाणी आणि खत देताय. डाळिंब हे ताणाचं झाड आहे. आम्ही बहार धरतो म्हणजे आधी पाणी तोडतो, झाडाला विश्रांती देतो, पानं पिवळी पडून गळतात, मग हलकी छाटणी, खत, आणि पाणी सुरू. मग एकदम कळी निघते आणि ती जोरकस असते. ताण न देता वाढवलेलं झाड बारा महिने थोडी थोडी फुलं देत राहतं आणि धड एकही बहार पदरात पडत नाही. तेवढं शेणखत देऊन नत्र जास्त होतंय, म्हणून पानंच पानं.

बहार तीन. अंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत, मृग बहार जून-जुलैत, हस्त बहार सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. आता मुंबईचं गणित बघा. सांताक्रूझला एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आमच्याकडे सोलापूर जिल्ह्यात वर्षभरात एवढा पडत नाही. तुमचं फूल मे-जूनमध्ये म्हणजे फळ भर पावसात वाढणार. तेलकट डाग (जिवाणूंचा रोग), बुरशी, सगळं त्याच दमट हवेत येतं. म्हणून इथे मृग बहाराचा नाद सोडा, आत्ता जी फुलं येतायत ती सरळ खुडून टाका, जीव तुटेल पण टाका. हस्त बहार धरा. फूल ऑक्टोबरमध्ये, आणि फळ नोव्हेंबर ते मार्च अशा कोरड्या हवेत वाढेल. शेतात हस्त बहार धरायला अवघड जातो कारण ऑगस्टमध्ये पाऊस चालू असताना ताण बसत नाही. पण तुमची कुंडी आहे, ती आत सरकवता येते! हा कुंडीचा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि मुंबईतले लोक तो वापरतच नाहीत.

फक्त एक, शेतातला महिना-दीड महिन्याचा ताण कुंडीला देऊ नका, झाड मरेल. पानं मलूल व्हायला लागली की पेलाभर पाणी, परत थांबायचं, असं करत दोन-तीन आठवड्यांत पानं पिवळी पडून गळायला लागतात, तेवढं बास. बागेत पानगळीसाठी औषध फवारतात ते घरी अजिबात करू नका.

चेंबूर_गच्ची

सांगोलेकर दादांचं बाकी सगळं पटलं पण बहाराबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. मी अंबे बहारच धरते, गेली पाच वर्षं. डिसेंबरमध्ये पाणी तोडते, नवीन वर्ष लागताना सुरू करते, जानेवारीच्या शेवटापर्यंत फुलं येतात, आणि जूनच्या शेवटी फळं काढते. ऑगस्टमध्ये मुंबईत ताण बसतो कुठे, हवाच इतकी ओली असते की माती आठ-आठ दिवस सुकत नाही, आणि पश्चिमेची बाल्कनी म्हणजे पावसाची झड थेट आत. हिवाळ्यात कसं, चार दिवसांत कुंडी खडखडीत कोरडी होते. गेल्या वर्षी सात फळं मिळाली, छान गोड होती.

सांगोलेकर

ताई, तुमचं झाड कोणतं आहे? गणेश जातीचं असेल तर तुमचं बरोबर आहे.

चेंबूर_गच्ची

हो गणेशच आहे, दाणे फिकट गुलाबी, बी एकदम मऊ.

सांगोलेकर

मग बसतंय गणित. गणेश म्हणजे पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमांनी १९३६ साली निवडलेलं जुनं वाण, ते फुलापासून साधारण पाच महिन्यांत तयार होतं, म्हणून तुमचं जूनअखेर उरकतं. यांचा भगवा आहे, राहुरी कृषी विद्यापीठाचा, त्याला सहा महिने लागतात. जानेवारीअखेर फूल धरलं तर काढणी जुलैअखेर, म्हणजे पुन्हा त्याच पावसात. ऑगस्टला माती सुकत नाही हे मात्र तुम्ही बरोबर बोललात. त्यासाठी आत्ताच कुंडी बदलताना माती हलकी भरा, लाल माती दोन भाग, जाड वाळू एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग, दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट घालू नका, ते पाणी धरून ठेवतं. आणि ताणाच्या दिवसांत कुंडी आतल्या भिंतीला लावून बुंध्याभोवती मातीवर प्लास्टिक बांधा.

मुलुंडची_बाग

फळ तडकण्याचं राहिलंच की. ते पाण्यामुळे होतं. माती पूर्ण कोरडी झाली आणि मग एकदम बादलीभर पाणी ओतलं की आतले दाणे फुगतात, साल तेवढी ताणत नाही, फुटते. आमच्याकडे दर वेळी दिवाळीत गावाला जाऊन आलो की हे व्हायचं. आता मातीवर नारळाच्या शेंड्यांचा जाड थर घालते आणि जाताना शेजारच्या काकूंकडे किल्ली देऊन जाते. एकदा फळ धरलं की पाणी थोडं थोडं पण नियमित. बोरॉन, कॅल्शियम कमी पडलं तरी तडकतं म्हणतात, पण कुंडीत आधी पाणीच बघा.

आणि फळ सुपारीएवढं झालं की लगेच जुन्या सुती साडीची पिशवी शिवून बांधा. एक फुलपाखरू फळावर अंडी घालतं, अळी आत शिरते, बाहेरून फक्त एक बारीक भोक आणि त्यातून घाण येताना दिसते, तोपर्यंत आतून सगळं गेलेलं असतं. पिशवीने पोपट आणि खारींपासून पण वाचतं.

चेंबूर_गच्ची

काळे डाग पडलेलं फळ, पानं कुंडीत टाकू नका, खतात पण नाही, कचऱ्यात द्या. कात्री स्पिरिटने पुसून घ्या. छाटणी झाली की बोर्डो (मोरचूद-चुन्याचं रोगावरचं औषध) मारा, एक लिटरला १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना. दोन वेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत अर्धा अर्धा लिटर पाण्यात कालवायचं, मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्यात ओतायचं, गाळून त्याच दिवशी मारायचं. लोखंडी सुरी बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवा. मोरचूद विषारी असतं तर हातमोजे घाला, लहान मुलं असतील तर लांब ठेवा. फुलं असताना काहीच मारू नका, ज्या चार मधमाशा येतात त्या पण जातील.

गोरेगाव_चौथा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आज सकाळी आईबरोबर बसून पडलेली फुलं बघितली, २३ होती, त्यातली २१ निमुळती आणि फक्त दोन फुगीर. आईला हे माहीत होतं! म्हणाली आम्ही लहानपणी नर फुलांच्या बाहुल्या करायचो, मोठी माणसं मादी कळीला हात लावू द्यायची नाहीत. मी तीन वर्षं इंटरनेटवर शोधत होतो आणि घरातच विचारलं नाही. कुंडी रविवारी बदलतो. एकच शंका, गणपतीत पत्रीसाठी आई याचीच पानं तोडते, ते ताणाच्या मध्येच येईल, चालेल का?

सांगोलेकर

चालेल की, तोडू द्या बिनधास्त. एकवीस पत्रींत डाळिंब आहेच, आणि तोपर्यंत पानं तशीही गळायला लागलेली असतील. पंधरा ऑगस्टच्या आसपास पाणी तोडा, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पेन्सिलीपेक्षा बारीक गचपण काढा, बुंध्यातून सरळ वर जाणारे फुटवे पण काढा, मग खत आणि पाणी. आईंना विचारून करा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

गोरेगाव_चौथा_मजला

(एप्रिल) बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. कुंडी बदलताना मुळं पार गोल गोल गुंडाळलेली निघाली. ऑगस्टमध्ये ताण द्यायला जाम त्रास झाला, दोनदा रात्री पावसाची झड आली आणि प्लास्टिक उडालं, पानगळ अर्धवटच झाली. तरी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कळी निघाली आणि या वेळी फुगीर कळ्या मोजल्या तर चौदा. ब्रश आईने केला, चष्मा लावून, मला हात लावू दिला नाही. नऊ धरली, त्यातली आम्ही पाचच ठेवली, आई म्हणाली एवढ्याशा झाडाला एवढाच भार. एकात अळी शिरली कारण त्याला पिशवी बांधायची राहिली. एक डिसेंबरमध्ये आपोआप गळलं. उरली तीन.

काल पहिलं काढलं. मी कधीचा रंग बघून काढूया म्हणत होतो, ती थांब म्हणायची, रोज बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायची, आणि डाळिंब झाडावरून काढल्यावर पिकत नाही म्हणून घाई करू द्यायची नाही. गोल फळाला कडेने जरा चपटेपणा आला आणि वरचा मुकुट आत वळला तेव्हा म्हणाली आता काढ. २१० ग्रॅम भरलं, बाजारातल्यापेक्षा लहान, पण दाणे गर्द लाल. अर्धं देवापुढे ठेवलं, उरलेलं तिने सगळ्यांना मोजून वाटलं. साल वाळत घातलीय खोकल्यासाठी.

सांगोलेकर दादा, उरलेली दोन काढली की लगेच विश्रांती द्यायची का पावसापर्यंत पाणी चालू ठेवायचं? आणि आता मे महिन्यात फुलं आली तर?

सांगोलेकर

लई आनंद झाला वाचून. फळं काढली की मूठभर निंबोळी पेंड आणि गांडूळखत द्या, पाणी बंद नको, बेताचं चालू ठेवा, झाड दमलंय. मे महिन्यातली फुलं खुडा, सगळी. ती आईंना देवाला वाहायला द्या.